विजेत्यांची पंगत

आमच्या घरात मंगळवारी आणि बुधवारी रात्री कोणी ना कोणी जागं असतं. नातू कॉलेजात गेल्यापासूनचं हे प्रकरण. युरोपात रात्री नऊला सुरू होणारी मॅच थंडीच्या दिवसांत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला लागते. ती संपून पोरगं झोपायला जातं तेव्हा माझी फिरायला जायची तयारी चाललेली असते. एकदा मी त्याला सहज विचारलं, "अरे, चॅम्पियन्स लीग म्हणजे चॅम्पियन संघांची स्पर्धा ना? मग २०२५-२६ ला एकट्या इंग्लंडचे सहा संघ कसे? एका देशात सहा-सहा चॅम्पियन?" "आजोबा, तसं नसतं ते," एवढं बोलून साहेब झोपायला गेले.

आता तसं नसतं तर कसं असतं? इतिहासाच्या मास्तरला असा प्रश्न अर्धवट सोडून चालत नाही. वाचायला लागलो आणि फुटबॉलवरून बास्केटबॉलवर, तिथून रग्बीवर असा भरकटत गेलो. गंमत म्हणजे प्रत्येक खेळात तेच भांडण सापडलं. पंगतीला कोणी बसायचं, हे ठरवायचं कोणी?

आधी 'क्लब' या शब्दाबद्दल थोडं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना क्लब म्हटलं की जिमखाना आठवतो आणि आताच्या मुलांना आयपीएलची फ्रँचायझी. युरोपातला क्लब समजून घ्यायचा असेल तर आमच्या कोल्हापुरात या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... तालमीचा आणि पेठेचा संघ. पेठेतला माणूस जन्मला की त्याचा संघ ठरलेला. शाहू स्टेडियमवर बाप ज्या बाजूला बसला त्याच बाजूला पोरगा बसणार. तिकडेही क्लब असेच उगवले; कोणी गिरणीतले, कोणी रेल्वेतले, कोणी चर्चच्या आवारातले, कोणी सैन्यातले. म्हणून युरोपच्या चषकात क्लब हरला की एक गाव हरतं. हे ध्यानात ठेवलं म्हणजे पुढची भांडणं एवढी टोकाला का गेली ते कळतं.

तर गोष्ट सुरू होते १३ डिसेंबर १९५४ ला. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या वुल्व्ज संघाने बुडापेस्टच्या होनवेद संघाला मैत्रीपूर्ण सामन्याला बोलावलं होतं. होनवेद म्हणजे हंगेरीच्या सैन्याचा क्लब. पुश्काश, कोचिश असे त्या काळचे जगातले उत्तम खेळाडू त्यात होते. आदल्याच वर्षी हंगेरीने इंग्लंडला वेंब्लीवर ६-३ असं झोडपलं होतं, ते इंग्रजांच्या जिव्हारी लागलेलं. मध्यंतराला होनवेद २-० ने पुढे होता. पण मैदानाचा पार चिखल झालेला (वुल्व्जच्या मॅनेजरने सामन्याआधी त्यावर मुद्दाम पाणी मारून घेतलं होतं म्हणतात), त्यात हंगेरीवाल्यांचे नाजूक पास रुतायला लागले आणि वुल्व्जने ३-२ ने बाजी मारली. दुसऱ्या दिवशी इंग्लिश वर्तमानपत्रांनी वुल्व्जला जगज्जेते ठरवून टाकलं!

हे पॅरिसच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकातल्या गाब्रिएल आनो यांना काही पटेना. आनो स्वतः फ्रान्सकडून फुटबॉल खेळलेले गृहस्थ. त्यांनी लिहिलं, त्याचा मथितार्थ असा : वुल्व्जला अजिंक्य म्हणण्याआधी त्यांनी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावं; मिलान आहे, रेआल माद्रिद आहे; तेव्हा क्लबांची खरीखुरी युरोपीय स्पर्धाच होऊन जाऊ दे. त्यांचे सहकारी जाक फेरां १९४८ साली चिलीत सांतियागोला दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा बघून आले होते. ब्राझीलच्या वास्को द गामाने ती जिंकली होती. तिकडे जमतं ते इकडे का नाही, असं त्यांच्या मनात तेव्हापासून होतंच.

युरोपात याआधी काहीच नव्हतं असंही नाही. १९२७ पासून मध्य युरोपात 'मित्रोपा' चषक चालायचा. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्रागचे क्लब आगगाडीने एकमेकांकडे जात. महायुद्धाने ते मोडलं. आता विमानं आली होती, मैदानांवर रात्रीचे दिवे आले होते, म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी खेळणं शक्य होतं.

वर्तमानपत्राचा यात स्वार्थ नव्हता असं समजू नका हं. मधल्या वारी मोठे सामने झाले तर मधल्या वारी खप. याच वर्तमानपत्राच्या पूर्वजाने, 'लोतो'ने, खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत काढली होती. पण स्वार्थातूनही कधीकधी चांगलं काही उभं राहतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पॅरिसला क्लबांच्या प्रतिनिधींची बैठक घेतली. युरोपीय फुटबॉल संघटना, युएफा, तेव्हा जेमतेम वर्षाचं पोर होतं. वर्तमानपत्र आपल्या आधी स्पर्धा भरवतंय म्हटल्यावर तीही जागी झाली आणि कारभार तिने हातात घेतला. ४ सप्टेंबर १९५५ ला लिस्बनमध्ये स्पोर्टिंग आणि बेलग्रेडचा पार्तिझान यांच्यात पहिला सामना झाला, ३-३ असा बरोबरीत सुटला.

आणि इथेच माझ्या प्रश्नाचं पहिलं, जरा अडचणीचं उत्तर मिळालं. पहिल्या वर्षी सगळे चॅम्पियन नव्हतेच! सोळा क्लब 'लेकिप'ने आमंत्रण देऊन बोलावले होते. स्कॉटलंडमधून आला हिबर्नियन. हा त्या मोसमात आपल्या लीगमध्ये पाचवा आलेला. आणि इंग्लंडचा खरा चॅम्पियन चेल्सी? त्याला त्यांच्या लीगने सांगितलं, असल्या भानगडीत पडू नका, आपले घरचे सामने बघा. चेल्सीने मुकाट माघार घेतली आणि त्यांच्या जागी वॉर्साचा ग्वार्दिया आला. ज्या इंग्लिश फुशारकीतून स्पर्धेची कल्पना निघाली, ते इंग्लंडच पहिल्या पंगतीला नव्हतं. हे चेल्सी प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्या वर्षापासून नियम पक्का होत गेला : आपल्या देशाची लीग जिंका आणि या. आधीच्या वर्षीचा विजेता असेल तर त्यालाही प्रवेश. बस्स. साधा, शाळेतल्या पोरालाही कळेल असा नियम. सुमारे चाळीस वर्षं तो टिकला.

होनवेदचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९५६ च्या शरद ऋतूत हा संघ याच चषकासाठी देशाबाहेर पडला, स्पेनच्या बिल्बाओ संघाशी खेळायला. मागे बुडापेस्टमध्ये उठाव झाला, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. घरी परतायची सोय राहिली नाही. बिल्बाओमध्ये ते ३-२ ने हरले आणि 'घरचा' सामना त्यांना डिसेंबरात ब्रसेल्समध्ये खेळावा लागला. तो ३-३ बरोबरीत सुटला, चषक हुकला. खेळाडूंपुढे प्रश्न उरला, आता जायचं कुठे? काही परत गेले. पुश्काश, कोचिश, चिबोर गेले नाहीत. पुश्काशवर बंदी आली. दीड-दोन वर्षं हा माणूस खेळाविना होता, पोट सुटलं. १९५८ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी रेआल माद्रिदने त्याला घेतलं तेव्हा लोक हसले असतील. मे १९६० मध्ये ग्लासगोला सव्वा लाखाहून अधिक लोकांसमोर अंतिम सामना झाला. रेआलने फ्रँकफर्टला ७-३ ने हरवलं. डी स्टेफानोचे तीन गोल, पुश्काशचे चार. रेआलचा हा लागोपाठ पाचवा चषक.

या दोन घटनांच्या मध्ये म्युनिक आहे. मँचेस्टर युनायटेडने लीगचा सल्ला झुगारून या चषकात भाग घेतला होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये बेलग्रेडचा सामना खेळून ते परतत होते. शनिवारी घरी लीगचा सामना होता (वुल्व्जविरुद्धच, काय योगायोग बघा), वेळेत पोचायलाच हवं होतं. म्युनिकला इंधन भरायला थांबलेलं विमान बर्फाळ धावपट्टीवरून उडण्याच्या तिसऱ्या प्रयत्नात कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू होते. घरची लीग आणि युरोपचा चषक, दोन्हीकडच्या ओढाताणीची एवढी किंमत दुसऱ्या कोणी मोजली नसेल.

आता फुटबॉल जरा बाजूला ठेवतो. बास्केटबॉलची कथा आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि मला ती जास्त आवडली.

फुटबॉलचं बघून १९५८ मध्ये बास्केटबॉलवाल्यांनीही विजेत्या क्लबांचा चषक काढला. फुटबॉलमध्ये सोव्हिएत क्लब १९६६ पर्यंत आलेच नव्हते, बास्केटबॉलमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून हजर! पहिले तिन्ही चषक रीगा शहरातल्या सैन्याच्या क्लबने जिंकले. रीगा म्हणजे लाटव्हियाची राजधानी, तेव्हा सोव्हिएत संघात. प्रशिक्षक अलेक्सांद्र गोमेल्स्की, आणि संघात यानिस क्रुमिन्श नावाचा सात फूट दोन इंचांचा गडी. जंगलात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या या माणसाला गोमेल्स्कीने खेळात आणला होता.

पहिल्याच वर्षी उपांत्य फेरीत रीगासमोर आला रेआल माद्रिद. (हो, तोच क्लब, तिकडे एकाच क्लबची फुटबॉल आणि बास्केटबॉल अशी दोन्ही पथकं असतात.) पण स्पेनमध्ये जनरल फ्रँकोची राजवट. कम्युनिस्ट रशियात आमचा संघ जाणार नाही, असा हुकूम सुटला. रीगा न खेळताच अंतिम फेरीत. चार वर्षांनी, १९६२ मध्ये, पुन्हा तीच वेळ आली. अंतिम फेरीत रेआलपुढे होता जॉर्जियातला दिनामो त्बिलिसी, म्हणजे पुन्हा सोव्हिएत क्लब. या वेळी तडजोड निघाली. ना तुमच्याकडे ना आमच्याकडे, जिनिव्हात एकच सामना. त्बिलिसीने तो ९०-८३ असा जिंकला. आणखी एका वर्षाने, १९६३ मध्ये, रेआलची गाठ मॉस्कोच्या सैन्यदलाच्या क्लबशी पडली. आता मात्र मॉस्कोचा संघ माद्रिदला आला आणि माद्रिदचा मॉस्कोला गेला. माद्रिदमध्ये रेआल ८६-६९ ने जिंकला, म्हणजे १७ गुणांनी. मॉस्कोत रशियन ९१-७४ ने जिंकले. मोजून बघा, पुन्हा १७! तिसरा सामना खेळावा लागला, तोही मॉस्कोत, आणि त्यात रेआल हरला.

स्पेन आणि सोव्हिएत संघ यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले १९७७ मध्ये. राजदूत पोचायच्या चौदा वर्षं आधी बास्केटबॉलचे खेळाडू बॅगा घेऊन पोचले होते. 'खेळाने देश जोडले जातात' हे वाक्य मी निबंधात इतक्यांदा तपासलंय की त्याच्यावरचा माझा विश्वासच उडाला होता. इथे निदान तारखा तरी आहेत.

त्याच १९६२ च्या मोसमातली एक गमतीची गोष्ट. इटलीत वारेसे गावी सामना संपत आला होता आणि गुण होते ८०-८०. बरोबरी झाली की जादा वेळ खेळावा लागणार. रेआलचे मुख्य खेळाडू बाहेर बसलेले, जादा वेळात दाणादाण उडायची भीती. दोन सामन्यांच्या गुणांची बेरीज होऊन निकाल लागायचा होता. रेआलचे प्रशिक्षक फेर्रांदिस यांनी शांतपणे हिशोब केला आणि अलोसेन या आपल्या खेळाडूला सांगितलं, चेंडू आपल्याच बास्केटमध्ये टाक! त्याने टाकला. ८२-८० ने सामना हरले, माद्रिदला जाऊन दुसरा सामना दणदणीत जिंकले आणि पुढे गेले. नंतर संघटनेने नियमच बदलला. वर्गात एखादा पोरगा असा निघतो बघा, ज्याने नियम मोडलेला नसतो आणि तरी त्याला उभं करावंसं वाटतं.

रीगाबद्दल आणखी एक. त्या शहरातल्या मुलींच्या 'टीटीटी' क्लबने १९६० ते १९८२ या काळात महिलांचा युरोपीय चषक अठरा वेळा जिंकला. अठरा! रेआलच्या पाच सलग चषकांची गाणी सगळे गातात, या पोरींची नावं विचारा बरं कोणाला. सात फुटांच्या आसपास उंचीची उल्याना सेम्योनोवा त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. बास्केटबॉलच्या बायकांना युरोपीय चषक मिळाला पुरुषांच्या पाठोपाठ एका वर्षात, १९५९ मध्ये. फुटबॉलच्या बायकांना त्यासाठी २००१ उजाडावं लागलं.

असो. मूळ मुद्द्यावर येतो, पंगतीच्या.

चॅम्पियन तेवढाच आत, या नियमामुळे काय काय घडलं ते बघा. १९६७ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने चषक जिंकला. त्यांचे सगळे खेळाडू ग्लासगोच्या पन्नास किलोमीटरच्या आत जन्मलेले. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा चॅम्पियन झाला, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपचा. १९८६ मध्ये बुखारेस्टचा स्टेआवा जिंकला, १९९१ मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार. त्यानंतर पूर्व युरोपातला एकही क्लब हा चषक जिंकलेला नाही.

पण याच नियमाला दुसरी बाजूही होती. १९८७ च्या पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि रेआल माद्रिदसमोर आला नेपल्सचा नापोली. मॅराडोनाचा नापोली, इटलीचा नवा चॅम्पियन. दोघांतला एक सप्टेंबर संपताच घरी जाणार. नापोली गेला. मिलानचे मालक बेर्लुस्कोनी हे बघत होते. टीव्हीचे धंदेवाले गृहस्थ. त्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. एवढी मोठी नावं एका चिठ्ठीवर बाद होणार असतील तर टीव्हीवर विकायचं काय? त्यांनी एका जाहिरात कंपनीकडून युरोपीय लीगचा आराखडा करून घेतला. मोठ्या क्लबांना भरपूर सामने हमखास मिळावेत, असा.

धंद्याच्या हिशोबाने त्यांचं चुकलं नव्हतं, हेही कबूल करायला हवं. युएफाला धोका कळला. मोठे वेगळी चूल मांडतील, त्यापेक्षा आपणच थोडं सोडावं, असं तिने ठरवलं. १९९१-९२ ला साखळी सामने आले, १९९२-९३ ला 'चॅम्पियन्स लीग' हे नाव आलं. आणि १९९७-९८ ला बड्या देशांच्या उपविजेत्यांनाही दार उघडलं. म्हणजे नावात 'चॅम्पियन' आलं आणि पाचच वर्षांत चॅम्पियन असण्याची अट गेली! १९९९ ला मँचेस्टर युनायटेडने चषक जिंकला तेव्हा ते आदल्या मोसमात इंग्लंडमध्ये दुसरे आले होते. पुढे तिसरे, चौथेही आत आले. त्यातच डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमान खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू कुठेही जायला मोकळा झाला (खेळाडूच्या दृष्टीने न्याय्यच) आणि स्टेआवा-रेड स्टारसारख्या क्लबांना आपली चांगली पोरं राखणं अशक्य झालं.

फुटबॉलमध्ये हे हळूहळू, जिरवत जिरवत झालं. बास्केटबॉलमध्ये एका झटक्यात झालं. २००० मध्ये मोठे क्लब आंतरराष्ट्रीय संघटनेपासून फुटले आणि त्यांनी स्वतःची 'युरोलीग' काढली. हे नाव आधी संघटनेच्याच स्पर्धेचं होतं, पण संघटनेने ते कायद्याने आपल्या नावावर करूनच ठेवलं नव्हतं! घराचा सातबारा न बघणाऱ्यांची गत. परिणामी २००१ मध्ये युरोपला दोन-दोन विजेते मिळाले, एकीकडे मक्काबी तेल अवीव, दुसरीकडे बोलोन्याचा व्हिर्तुस. वर्षभराने दोन्ही गट एकत्र आले, पण सत्ता क्लबांकडेच राहिली. २०१६ मध्ये तर अकरा क्लबांना दीर्घ मुदतीचे परवानेच देऊन टाकले. घरच्या लीगमध्ये कितवेही या, तुमचा पाट मांडलेला. उलट, आपल्या देशाची लीग जिंकलात म्हणून आत बसवतील याची खात्री नाही. त्यासाठी फारसा कोणी रस्त्यावर उतरला नाही. २०२५-२६ ला या युरोपीय लीगमध्ये दुबईचाही संघ दाखल झाला. रीगाला जायचं की नाही यावर चार वर्षं घासाघीस करणारा तो खेळ, आता विमान आखातात उतरवतोय.

रग्बीचं थोडक्यात सांगतो. तिथे चषक उशिरा, १९९५ मध्ये आला, तो खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला त्याच वर्षी. पहिला सामना कुठे झाला असेल? रुमानियात, काळ्या समुद्राच्या काठी, कॉन्स्टान्त्सा गावी. फ्रान्सच्या तुलूझने यजमानांना ५४-१० ने धुतलं. नाव एका डच बिअर कंपनीचं होतं, आणि फ्रान्समध्ये दारूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी. म्हणून तिथे कंपनीचं नाव गाळून नुसतं 'एच कप' म्हणायचे. १९९८-९९ ला इंग्लिश क्लबांनी बहिष्कार घातला. त्या वर्षी आयर्लंडमधला अल्स्टर जिंकला. पुढे इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांनी दबाव आणून २०१४ मध्ये जुना चषक मोडायला लावला आणि नवा मांडला. त्यात २०२२-२३ पासून दक्षिण आफ्रिकेचे संघ आले. रुमानियातला क्लब आता मोठ्या चषकात दिसत नाही आणि डर्बनचा दिसतो. भूगोलाच्या मास्तरांनी काय करायचं?

हॉकीत मात्र यातलं काही नाही. जर्मनीच्या म्युलहाइम गावातल्या उलेनहोर्स्ट क्लबने १९८८ ते १९९६ असा सलग नऊ वर्षं युरोपीय चषक जिंकला. तसा विक्रम फुटबॉलमध्ये झाला असता तर पुतळे उभे राहिले असते. तिथे कोणी फुटून निघालं नाही, कोणी परवाने मागितले नाहीत. गुळाची ढेप छोटी, मुंगळे कुठून येणार?

हे वारं आपल्याकडेही आलं होतं. २००९ ते २०१४ या काळात क्रिकेटची 'चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-२०' झाली, आठवतेय ना? नाव, कल्पना सगळं युरोपातून उचललेलं. २०११ मध्ये मुंबई इंडियन्सने ती जिंकली. त्या वर्षी आयपीएलमध्ये मुंबई तिसरी आली होती. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्या संघांच्या मागे ना पेठ होती ना तालीम. २०१५ मध्ये ती स्पर्धा बंद केली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं ऐकलं नाही.

आणि मग रविवार, १८ एप्रिल २०२१. सहा इंग्लिश, तीन स्पॅनिश, तीन इटालियन अशा बारा क्लबांनी रात्री उशिरा जाहीर केलं की आम्ही 'सुपर लीग' काढतोय. वीस संघ, त्यांतले पंधरा कायमचे. बास्केटबॉलने जे वीस वर्षांत केलं तेच एका पत्रकात. बारांत चेल्सी होता. तोच, ज्याने १९५५ मध्ये लीगचं ऐकून पंगत सोडली होती. आता तो लीगला न विचारता स्वतःचीच पंगत मांडत होता.

दोन दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी, चेल्सीचा घरच्या मैदानावर लीगचा साधा सामना होता. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश बंद. तरी हजारभर पाठीराखे रस्त्यावर जमले आणि त्यांनी खेळाडूंची बस अडवली. क्लबचा जुना गोलरक्षक पेत्र चेक, तेव्हा तिथला अधिकारी, गर्दीत उतरून हात जोडल्यासारखा विनवत होता की बस तरी जाऊ द्या, आम्हाला थोडा वेळ द्या. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. अठ्ठेचाळीस तासांत खेळ खलास. मालक परदेशी, पैसा परदेशी, निम्मे खेळाडू परदेशी. पण रस्त्यावर उभी होती ती पेठच. महिनाभराने चेल्सीने युरोपीय चषक जिंकला, तोही त्या बारांतल्याच मँचेस्टर सिटीला हरवून.

न्यायालयाने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये निकाल दिला की दुसऱ्यांच्या स्पर्धांना आपली परवानगी सक्तीची करणारे युएफाचे नियम कायद्यात बसत नाहीत. म्हणजे दार अजून किलकिलं आहेच. २०२४ पासून युएफानेही संघ ३२ वरून ३६ केले. सामने जास्त, पैसा जास्त.

नातवाला आता माझ्याकडून उत्तर मिळालं आहे. इंग्लंडच्या त्या सहांमध्ये टॉटनहॅम होता, जो आपल्या लीगमध्ये वीसांत सतरावा आला होता. (त्याने युरोपचा दुसऱ्या क्रमांकाचा चषक जिंकला होता, म्हणून थेट प्रवेश. तेव्हा अगदीच फुकट नव्हे.) आणि त्याच मोसमात कझाकस्तानचा चॅम्पियन होता, अल्माटी शहराचा कैरात. जुन्या नियमाने हा सरळ आत बसला असता. नव्या नियमाने त्याला जुलैपासून चार फेऱ्या खेळाव्या लागल्या. स्लोव्हेनिया, फिनलंड, स्लोव्हाकिया आणि शेवटी सेल्टिक, तोच तो १९६७ वाला. चार प्रतिस्पर्धी, आठ सामने, त्यांतल्या दोन लढतींचा निकाल पेनल्टीवर. असा धापा टाकत तो मुख्य पंगतीत पोचला. पहिला सामना १८ सप्टेंबर २०२५ ला, घरापासून सहा-सात हजार किलोमीटरवर, लिस्बनमध्ये. समोर स्पोर्टिंग, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी याच महिन्यात, याच शहरात ज्याने पहिला सामना खेळला तोच क्लब. कैरात ४-१ ने हरला. बारा दिवसांनी अल्माटीला रेआल माद्रिद खेळायला आला आणि त्याने पाच गोल मारले. स्टेडियम भरलेलं होतं.